जीवामृताचा ड्रम आणि प्रेरणाची नळी

प्रेरणाने गल्लीत आधीच जाहीर करून टाकलं होतं, की आता ड्रमाजवळ कोणालाच जावं लागणार नाही! घाटंजीच्या विज्ञान प्रदर्शनातला पहिला नंबर तर तिने मनातल्या मनात भिंतीवर टांगलासुद्धा.

ओट्यावरच्या निळ्या ड्रमात शेतासाठीचं जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन, आंबत असायचं. रोज संध्याकाळी बाबा काठीने ढवळत, प्रेरणा लोट्यात नमुना काढून त्यात पट्टी बुडवून आंबटपणा सांगे. आई नागपूरला एका दवाखान्यात आयाचं काम करते, महिन्यातून एकदा येते. बाबा तसे तोंडात सुपारी धरल्यासारखे गप्प. पण हातात काठी आली की बोलत. कपाशीवर, बैलावर, एकदा तर आई लग्नात कशी रुसली होती त्यावरही.

प्रेरणाने माशांच्या टाकीचा पंप, सलाइनची नळी आणि टायमर जोडला. तासातासाला नमुना खालच्या पायरीवरच्या बाटलीत आपोआप! ढवळायला बुडबुडे सोडणारं यंत्र. बाबांनी पाहिलं, बरं हाय म्हणाले आणि चौकात निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच. प्रेरणा एकटीच ओट्यावर बसे. पंपाशीच बोलायचा प्रयत्न तिने करून पाहिला, पण तो आपला घुर्र एवढंच म्हणे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पहाटे बाबा अंगणात घसरून थेट तुळशीपर्यंत गेले. बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, "प्रेरणे, तुही मशीन बंद होते का नाई?"

"बाबा, मशीन तं बंदच हाय."

"मंग हे कायले येऊन राह्यलं?"

बाटलीत सोडलेलं नळीचं तोंड ड्रमाच्या बुडापेक्षाही खाली होतं. एकदा धार लागली की पंप बंद झाला म्हणून ती काय थांबते! रात्रभरात अख्खा ड्रम अंगणात रिकामा. शेजारचे धनसिंगकाका नाक धरून धावत आले आणि गायीला एवढी हगवण लागली तर डॉक्टर काहून नाही बोलावला म्हणून बाबांनाच रागावले. गाय निवांत रवंथ करत होती.

प्रदर्शनात प्रेरणाने बाटली ड्रमापेक्षा उंच फळीवर ठेवली, मशीन नीट चाललं, उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. त्या संध्याकाळी बाबांनी ड्रम पुन्हा भरला.

"पंप नाई लावत?"

"बिघडला," प्रेरणा म्हणाली. दप्तरात पंप अगदी ठणठणीत होता.

बाबांनी लगबगीने काठी उचलली. "बरं झालं," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "म्हंजे, वाईट झालं."