शार्क आणि नळाचा दिवस

अकोल्याच्या किशोरने मुंबईच्या मोठ्या मत्स्यालयाचा बेत पंचांग पाहून नाही, नळ पाहून आखला होता. त्यांच्या गल्लीत पाणी आठव्या दिवशी. म्हणजे गुरुवारी नळ, शुक्रवारी रेल्वे, शनिवारी शार्क. काचेच्या बोगद्यात उभं राहायचं आणि डोक्यावरून जाणारा शार्क मान वर करून पाहायचा, एवढीच त्याची चाळीस वर्षांतली महत्त्वाकांक्षा. त्यासाठी तो महिनाभर गच्चीवर मानेचे व्यायाम करत होता.

गुरुवारी नळाने नुसता सुस्कारा टाकला.

"लाइन फुटली, भाऊ," व्हॉल्व्ह उघडणारे नत्थुजी फोनवर म्हणाले. "आता शनवारीच."

"कोनीतरी घरी रायलंच पायजे," आई पार्वताबाईंनी निकाल दिला.

"शेजारच्या मायाबाईले सांगू ना!" किशोर म्हणाला.

"ते सांगूच नोका," बायको आरती म्हणाली. "मागच्या टायमाले आपला ड्रम भरतो म्हने, अन् त्याच्यात गोधड्या धुतल्या."

शेवटी चार चिठ्ठ्या टाकल्या. लेक आचलने एक उचलली. 'किशोर'. किशोरने उरलेल्या तिन्ही उघडल्या. तिन्हींवर 'किशोर'.

"काय व आई, हे काय?"

"मले तेवढंच नाव लिवता येते," पार्वताबाई शांतपणे म्हणाल्या आणि बॅग भरायला लागल्या.

शनिवारी किशोर अंगणात ड्रमपाशी पाइप धरून बसला. नळातून आधी हवा आली, मग गाळ, मग पाणी, आणि पाण्याबरोबर बोटभर लांब जिवंत मासा. तेवढ्यात आरतीचा व्हिडिओ कॉल आला.

"अजी, बोगद्यात हावो आमी. पन टाकी रिकामी हाय! धुवून राह्यले. शार्क दुसरीकडे नेला म्हनते."

"मंग दिसून काय राह्यलं?"

तिने फोन फिरवला. काचेपलीकडे एक माणूस पाइप धरून, उलट्या बादलीवर बसून पाणी भरत होता.

"डिट्टो बाबा!" आचल रडता रडता म्हणाली. "हे तं आपल्या घरीच दिसते!"

"थांब, बेटा. रडू नोको."

किशोरने फोन भिंतीला टेकवून ठेवला, लोणच्याची काचेची बरणी धुतली, मासा तिच्यात सोडला, झाकण लावलं आणि बरणी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मान वर केली. मासा बरोबर नाकावरून गेला. फोनमध्ये आचल टाळ्या पिटायला लागली. तिच्यामागे बोगद्यातली माणसंही वाकून फोनमध्ये पाहू लागली.

तासभर किशोर तसाच उभा होता. महिनाभराच्या व्यायामामुळे मान जराही दुखली नाही.

अर्धा ड्रम भरून नळ कधीचाच गेला होता.