टेप गुंडाळलेली हिरवी तार

मी युनिव्हर्सिटीत तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. घरात इलेक्ट्रिक रेंज, म्हणजे मोठी विजेची शेगडी, जोडायला मला मिस्त्री कशाला हवा? तरी बायकोनं, वीणानं, रामाश्रय मिस्त्रीला बोलावलंच.

"प्रोफेसर साहब, आंगन में गड्ढा खोदकर अर्थिंग करनी पड़ेगी. तब तक इसे छूना मत."

"रामाश्रय, अर्थिंग हम पढ़ाते थे!" मी त्याला वाटेला लावलं.

स्वतंत्र जाड वायर ओढली, नवा एमसीबी बसवला, सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं! उरली अर्थिंगची हिरवी तार. गंगेवरच्या मुन्शी घाटाजवळच्या आमच्या जुन्या घरात अर्थिंगच नाही, आणि ऐन नवरात्रात अंगण कोण खणणार! तिला काळी टेप गुंडाळून रेंजमागे सारली. म्हटलं, दसऱ्यानंतर बघू.

"झालं का हो नीट?" वीणानं विचारलं.

"डोळे मिटून वापर!"

अष्टमीला प्रेमलाआत्या आली. वय चौऱ्याहत्तर. देवीचा नैवेद्य तिच्याच हातचा, आणि तोही ओलेत्यानं! अहिल्याबाई घाटावर बुडी मारून ती ओल्या लुगड्यानं, अनवाणी, थेट स्वयंपाकघरात शिरली. पायाखाली गंगेचं तळं! पुरणाचं पातेलं रेंजवर चढवलं आणि ते सरळ करायला रेंजच्या कडेला हात टेकला.

"ऊंऽऽऽ!"

आत्या थरथरा कापत मागे आली आणि धपकन खाली बसली.

"अहो, अष्टमी आहे! आत्यांच्या अंगात आलं!" वीणा कुंकवाचा करंडा घेऊन धावली. शेजारची देवयानी तर येऊन पायांवरच पडली. "देवी, आमच्या निमिषची बदली पुण्याला होईल का गं?"

"होईल!" आत्या म्हणाली. तिलाही पटलं होतं!

मला मात्र पहिल्या 'ऊं'लाच सगळं कळलं होतं. पण तोंड उघडलं असतं तर तीस वर्षांची प्रोफेसरकी त्या तळ्यात बुडाली असती. सांगायलाही लाज वाटते, मी हात जोडले!

"पुरण लागेल गं," म्हणत आत्या उठली. तिचा ओला हात पुन्हा रेंजकडे निघाला. मी किंचाळलो, "आत्या, हात लावू नकोस!" आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"देवी नाही, करंट आहे! मी अर्थिंग केलं नाही!"

पंखा थांबला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुला ठाऊक होतं, नरहर?" आत्यानं विचारलं.

"हो."

"आणि तू मला नमस्कार केलास?"

जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. तीही संध्याकाळी दुभंगली, पण रामाश्रयच्या पहारीनं. नैवेद्य गॅसवर झाला आणि रामाश्रयनं अंगणात अर्थिंगची प्लेट पुरली, हिरवी तार जोडली, टेस्टर लावून बघितला.

"अब कोई डर नहीं, माताजी."

"आधी नरहर हात लावेल," आत्या म्हणाली.

सगळ्यांदेखत मी एक बोट टेकवलं. काही झालं नाही! तरी माझे पाय लटलटत होते, ते थांबेनात.

देवयानीनं त्या पायांकडे बघून चटकन पदर सावरला आणि मला हात जोडले. "काका, मग पुण्याचं नक्की ना?"