विल्फच्या विटा

ट्रेसीच्या डोळ्यांत ती फायरप्लेस पहिल्या दिवसापासून खुपत होती. अर्धी भिंत खाणारं, चॉकलेटी विटांचं, पन्नास वर्षांपूर्वीचं धूड! नाताळला बहीण यायच्या आत तिथे सपाट पांढरी भिंत हवी, असं तिने नवऱ्याला बजावलं. ग्लेन बिचारा शनिवारी दुपारी छिन्नी-हातोडा घेऊन बसला.

पहिली वीट निघाली. आतून काजळीचा गार झोत आला आणि पाठोपाठ एक खोल आवाज.

"विल्फ? तूच का रे?"

ट्रेसीच्या हातातला चहा गालिच्यावर सांडला. विल्फ म्हणजे शेजारच्या एनिडकाकूंचा नवरा. गवंडी माणूस, या विटा त्यानेच रचलेल्या. त्याला पुरून वर्ष झालं होतं.

"अरे, बोल काहीतरी!" ट्रेसी कुजबुजली.

"हो," ग्लेन कसाबसा म्हणाला.

"मग तोडू देऊ नकोस हं त्यांना. तुझ्या हातचं आहे."

"हो, हो!"

थोड्या वेळाने दोघं बिस्किटं घेऊन शेजारी गेली. एकाच रांगेतली घरं, मधली भिंत एकच. काकूंचीही फायरप्लेस तशीच, पाठीला पाठ लावून, आणि काकूंची खुर्ची अगदी तिला चिकटून. आवाज कुणाचा ते कळलं.

"म्हातारीला वाटतंय विल्फच बोलला," परतताना ग्लेन म्हणाला.

"मग आता तूच विल्फ. मोड तिचं मन, बघते मी!"

झालं. रोज चहाच्या वेळी ग्लेन भोकात तोंड घालून काकूंच्या गुडघेदुखीला, कोबीच्या भावाला, पाद्र्याच्या नव्या दातांना "हो" म्हणू लागला. भिंत राहिली तशीच. नाताळ तोंडावर आला तशी ट्रेसीच पिसाळली. "आज सांगून टाक तिला!"

ग्लेनने आवाज जाड केला. "एनिड, जुनं झालं गं ते. पाडू दे त्यांना."

भोकातून थोडी काजळी झरली.

"ग्लेन, बाळा," आवाज आला, "विल्फने जन्मात मला कधी 'हो' म्हटलं नाही. मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

"मग रोज बोलत का होतात?"

"तू ऐकून घेतोस रे. इतकं कोण ऐकतं?"

ग्लेनला भरून आलं. ट्रेसीने हातोडा उचलून पेटीत टाकला आणि स्वतःच भोकाशी वाकली. "काकू, नाही पाडत. पण पांढरा रंग तरी दिला तर चालेल ना?"

"मला चालेल गं. थांब, त्याला विचारते."

आत कुणीतरी खाकरलं. मग जाड, पुरुषी आवाज आला.

"नाही."