सासऱ्यांचं धोतर आणि साबणाचं शास्त्र

सासऱ्यांना भाजी आपणच वाढावी असं मी ठरवलं, तिथेच सगळं चुकलं. (बायकोने नको म्हटलं होतं. ती नको म्हणाली की मला हुरूप येतो.) वांग्याची तर्रीदार भाजी गंजातून, म्हणजे पातेल्यातून, निघाली ती ताटात न जाता थेट पुंडलिकरावांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर उतरली.

आमचे सासरे आसगावचे शेतकरी. आमच्याकडे पवनीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते भंडाऱ्याला, धाकट्या लेकीच्या सोयरिकीच्या बैठकीला जाणार होते. ठेवणीतलं धोतर हे एकच. माझा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून ते गेले असते तर मुलाकडच्यांनी चहासुद्धा विचारला नसता.

पण जावयावर ओरडायचं नसतं. म्हणून ते लेकीवर ओरडले.

"सुलोचने, जावईबापूच्या हाती गंज देल्ला कोनं? तुले अक्कल आहे का?"

मला फार वाईट वाटलं. सासरे माझाच पायजमा घालून वामकुक्षीला गेले, तसं मी धोतर उचललं.

"ठेवा न जी, मी धुतो," सुलोचना म्हणाली.

"मी हायस्कुलात सायन्स शिकवतो! साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. तेल सुटून पाण्याबरोबर चालायला लागतं."

"जावयानं धोतर धुतलं हे समजलं, तर बाबा या घरचं पानी पेनार नाई."

मी न्हाणीचं दार आतून लावून घेतलं.

साबण लावला मात्र, डाग लालभडक! आणखी लावला, आणखी लाल. सोयरिकीला निघालेला माणूस खून करून आल्यासारखा दिसला असता.

"सुलोचना!" मी ओरडलो. "लाल झालं!"

"मंग कायले घाबरून राहिले?" ती दाराबाहेरून म्हणाली. "हळद आहे थे. साबन लागला का लाल होते. घासा, खंगाळा, न उनात टाका."

(हळद क्षारात लाल होते, हे मी आठ वर्षं वर्गात हळदीचा कागद बुडवून दाखवत आलो आहे. पण तो कागद. धोतर पाहून कोणाला आठवणार?)

मग मी घासलं. तर्रीचं तेल दुधाळ होऊन मोरीतून वाहताना पाहिलं आणि मला खरोखर आनंद झाला. पुस्तकातली गोष्ट पहिल्यांदाच माझ्या हातून खरी झाली होती. उरलेली हळद उन्हाने खाल्ली. चार वाजता धोतर दोरीवर बगळ्यासारखं पांढरं आणि त्याखाली मी, छाती काढून उभा.

"वा बाई!" सासरे उठून आले. "कोन्या धोब्याले देल्लं?"

सुलोचनाने माझ्याकडे पाहिलं. मी दोरीकडे पाहिलं.

"आहे एक, बाबा. घरीच येते."

सोयरीक जुळली. (श्रेय साबणाला, म्हणजे मला.) आठवड्याने सासरे पेढे घेऊन आले. सोबत सहा धोतरं, चार सदरे आणि सासूबाईंच्या दोन नऊवारींचं गाठोडं होतं.

"हे थ्या धोब्याले देजो, बाई," ते म्हणाले. "अन् सांगजो, किनारीपाशी जरा पिवळं राहिलं होतं. नवा दिसते. शिकंल हळूहळू."