अर्ध्या भावातली पहिली रांग

"हे काम माझ्यावर सोडा! या शहरातल्या एकूण एक बारचा भाव मी तुमच्या तळहातावर आणून ठेवतो!" असं कमीकरांनी मालकांच्या टेबलावर मूठ आपटून सांगितलं, तेव्हा त्यांनी आयुष्यात एकाही बारची पायरी चढलेली नव्हती.

कमीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते खरेदी बघायचे. दोरा असो, बटणं असोत, अस्तर असो, विकणाऱ्याने भाव सांगून तोंड मिटायच्या आत यांचं सुरू, "कमी करा!" वर्षानुवर्षं हे ऐकून लोक त्यांना कमीकरच म्हणू लागले. नव्या माणसांना तर ते खरंच आडनाव वाटायचं. एका दोरेवाल्याने लग्नाची पत्रिका 'श्री. व सौ. कमीकर' अशी पाठवली, तेव्हा बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती!

आता काम असं होतं की कारखान्यातल्या कटिंगच्या मास्तरीणबाई निवृत्त होत होत्या. एकतीस वर्षं त्यांनी उभं राहून कापड कापलं होतं. त्यांची कात्री चालायला लागली की कापड आपण होऊन बाजूला सरकतंय असं वाटायचं. मालकांनी विचारलं, "बाई, निरोपाला काय करू या? मागा!"

मास्तरीणबाई जराशा लाजल्या. "समुद्रावर ते क्लब आहेत ना, छत्र्या आणि आरामखुर्च्यांचे? तिथल्या वेटरांच्या विजारी मीच कापते. पण त्या विजारी चालताना कशा दिसतात, ते कधी बघितलंच नाही. एकदा तिथं खुर्चीत बसायचंय."

सतरा माणसं आणि समुद्रावरचा क्लब! मालकांचे डोळे पांढरे झाले. वर्गणी जमली होती बेताची. त्याच क्षणी कमीकरांनी ती मूठ आपटली.

"आधी कुठेतरी बारमध्ये बसू, मग समुद्रावर जाऊ. सगळं वर्गणीत बसवतो. नाही बसवलं तर नाव लावणार नाही!"

"कुठलं नाव?" मालकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून कमीकरांची पाहणी सुरू झाली. सोबतीला बायको. एकट्या माणसाने बारमध्ये फक्त लिंबूसोडा मागवला की वेटर संशयाने बघतात, असं त्यांनी ऐकलं होतं. दोघांनी एक लिंबूसोडा मागवला की काय होतं, ते त्यांना पहिल्याच बारमध्ये कळलं. दुप्पट संशयाने बघतात!

पहिल्या बारमध्ये बिअर स्वस्त, पण लिंबूसोड्याच्या पेल्यात निम्मा बर्फ. कमीकरांनी बर्फ चमच्याने बाहेर काढून टेपने उंची मोजली. "बघ, चार बोटं फसवणूक!" शेजारच्या टेबलावरचा माणूस आपला पेला घेऊन लांब जाऊन बसला.

दुसऱ्या बारमध्ये शेंगदाणे फुकट. कमीकर खूश! पण बायकोने चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "अहो, समुद्र इथंच आहे की! हे खाल्लं की माणूस तीन पेले जास्त पिणार." कमीकरांनी वहीत त्या बारवर फुली मारली आणि बायकोकडे प्रथमच आदराने बघितलं.

तिसऱ्या बारमध्ये गाणी इतकी मोठ्याने चालली होती की वेटरचं तोंड हलताना दिसायचं, एवढंच. त्याने भावाचा कागद पुढे केला. कमीकर जिवाच्या आकांताने ओरडले, "कमी करा!" वेटरने ताबडतोब मान डोलावली आणि जाऊन गाण्यांचा आवाज कमी केला. भाव होता तिथंच राहिला.

आठवड्याच्या शेवटी निष्कर्ष निघाला की बार रद्द! जे काय करायचं ते समुद्रावरच.

समुद्रावर पहिल्या क्लबात आत जायचेच पैसे. दुसऱ्यात जाणं फुकट, पण खुर्ची वेगळी, छत्री वेगळी आणि छत्रीची सावली खुर्चीवर पाडून हवी असेल तर ते वेगळं! तिसऱ्या क्लबाच्या फाटकावर 'वेटर पाहिजेत' अशी पाटी होती. आत लाकडी चौथऱ्यावर गाद्यांच्या खुर्च्या होत्या. त्यांचा भाव ऐकून कमीकरांना मटकन खाली बसावंसं वाटलं. पण चौथऱ्याच्या खाली, वाळूत, पाण्याला अगदी लागून टेबलांची एक रांग होती. टेबलांचे लोखंडी पाय वाळूत खोल रोवलेले.

"ती पहिली रांग," मॅनेजर म्हणाला. "शनिवारी पाच ते सात अर्ध्या भावात."

"समुद्राच्या इतकी जवळ असून अर्धा भाव?"

"हो, कारण साहेब..."

"कारण नको! कारण ऐकलं की भाव वाढतो, हा माझा अनुभव आहे. शनिवारची सतरा माणसं लिहा."

बायको तेव्हा लांब शिंपले बघत होती. ती जवळ असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

"साहेब, सांगायला हवं म्हणून सांगतो," मॅनेजर म्हणाला, "या शनिवारी भरती आहे."

कमीकरांना फाटकावरची पाटी आठवली. "असू दे की! आम्हा सगळ्यांना नोकऱ्या आहेत."

मॅनेजर गोंधळला. "तसं नाही. मोठी भरती आहे. सव्वासहाच्या सुमाराला."

"किती का मोठी असेना!"

"पार टेबलांपर्यंत येईल हो!"

"आले तर हाकलून देऊ! आमचं टेबल म्हणजे आमचं टेबल."

मॅनेजरने कपाळाला हात लावला आणि शेवटचा प्रयत्न केला. "अहो, सात वाजेपर्यंत त्या रांगेत पाणी..."

"पाणी फुकट पाहिजे!" कमीकर गरजले.

"फुकटच असतं, साहेब," मॅनेजर थकून म्हणाला. "अगदी हवं तेवढं!"

कमीकर घरी परतले ते तरंगतच. अर्धा भाव, त्यात वर 'कमी करा' म्हणून दहावा हिस्सा सूट, आणि पाणी फुकट!

शनिवारी पाचच्या ठोक्याला सगळा कारखाना पहिल्या रांगेत हजर झाला. मालक पांढरे बूट घालून आले होते. मास्तरीणबाईंनी जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी कापलेले निळे कपडे घातले होते. सोडा आला, बिअर आली, बटाट्याचे काप आले. वेटर चालत गेला की मास्तरीणबाई मान तिरकी करून त्याच्या विजारीकडे बघत. "पडते बरी! गुडघ्यात जरा ढिली आहे." वर चौथऱ्यावर पूर्ण भाव भरलेली मंडळी जांभया देत बसली होती. त्यांच्याकडे बघून कमीकरांची छाती दोन इंच फुगली.

मालकांनी छोटंसं भाषण केलं आणि सगळ्यांतर्फे मास्तरीणबाईंना भेट दिली. त्यांच्या पंजाच्या मापाची, खास घडवून घेतलेली कात्री! टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तरी सळसळ चालूच राहिली. सगळ्यांनी खाली बघितलं.

पाणी आलं होतं.

पहिल्या लाटेत नऊ चपला गेल्या. काज करणारा कारागीर त्यांच्यामागे धावला आणि एक घेऊन परतला. तीही दुसऱ्याच कुणाची तरी होती.

"अहो," बायकोने कमीकरांच्या कानाशी तोंड नेलं, "तुम्ही म्हणत होतात ना, आज इथे वेटरांची भरती आहे?"

"हो. का?"

"ही बघा. घोट्यापर्यंत झाली!"

कमीकरांच्या तोंडचं पाणी पळालं. खालचं मात्र चढतच होतं. मालकांचे पांढरे बूट दिसेनासे झाले. बटाट्याच्या कापांची बशी तरंगत पलीकडच्या टेबलाला लागली. मालक खुर्चीवर उभे राहून म्हणाले, "कमीकर! हे काय आहे?"

"सात वाजेपर्यंतचे पैसे भरलेत," कमीकर क्षीण आवाजात म्हणाले.

मग त्यांची नजर मास्तरीणबाईंकडे गेली. निळे कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले. कात्री मांडीवर. बाई मान खाली घालून पाण्याकडे बघत होत्या. एकतीस वर्षांत त्यांनी एकच गोष्ट मागितली होती आणि तीसुद्धा आपण अर्ध्या भावात आणली! कमीकर पाणी कापत त्यांच्याजवळ गेले.

"बाई, माझं चुकलं. तुमचा दिवस बुडवला मी."

मास्तरीणबाईंनी वर बघितलं. त्या हसत होत्या. अगदी लहान मुलीसारख्या!

"अहो, एकतीस वर्षं उभं राहून पायांची नुसती आग व्हायची. आज पहिल्यांदा गार पडलेत. आता इथून कोण उठतो तेच बघते मी!"

आणि त्या स्वतःच उठल्या, कात्री उघडली आणि म्हणाल्या, "मालक, पाय पुढे करा."

"कशाला?"

"भिजलेली विजार जड होते. अर्धी करते."

मालक एकतीस वर्षं त्यांच्यासमोर हुकूम सोडत आले होते. पण हातात कात्री असलेल्या मास्तरीणबाईंना नाही म्हणायची त्यांची कधीच छाती झाली नव्हती. त्यांनी पाय पुढे केला. खर्रर्र! ना टेप, ना खडू. दोन्ही पाय गुडघ्याला अस्से बरोबर! मालकांनी आपल्या पोटऱ्यांकडे बघितलं, खुर्चीवरून खाली उतरून एक पाय पाण्यात जोरात आपटला आणि शेजारच्या लेखनिकाला चिंब केलं. मग काय विचारता! कारखाना रांग लावून उभा राहिला. तेवढ्यात ट्रे डोक्यावर धरून एक वेटर पाण्यातून आला.

"थांब रे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुझी मीच लांब कापली होती, मीच आखूड करते!"

वरच्या चौथऱ्यावरच्या जांभया कधीच थांबल्या होत्या. आधी एक जोडपं खाली उतरलं. मग आठ जणांचा घोळका. "आमच्याही कापता का हो?" पूर्ण भाव भरलेले लोक अर्ध्या भावाच्या रांगेत जागा मागत होते! मॅनेजर पळत आला. आधी त्याचं तोंड रडवेलं होतं. मग त्याने लोकांनी मागवलेल्या पेल्यांची संख्या बघितली आणि स्वतःचाच पाय पुढे केला.

सूर्य बुडाला तेव्हा सगळा क्लब गुडघाभर पाण्यात नाचत होता आणि मध्यभागी खुर्चीवर मास्तरीणबाई बसल्या होत्या, राणीसारख्या. मालकांनी कमीकरांना मिठी मारली. "मानलं तुम्हाला! असा निरोप कुणाचा झाला नसेल!" कमीकरांनी नम्रपणे मान झुकवली. हे सगळं आपण ठरवूनच केलं होतं, असं त्यांना एव्हाना खरंच वाटायला लागलं होतं.

सोमवारी मॅनेजरने कारखान्याला चाळीस अर्ध्या विजारींचं काम दिलं. मंगळवारी मालकांनी कमीकरांचा पगार वाढवला. शुक्रवारी बायको म्हणाली, "अहो, उद्या आपण दोघंच जाऊ या." कमीकरांनी ऐटीत फोन लावला.

"पहिली रांग ना?" मॅनेजर आनंदाने म्हणाला. "तुमच्या कृपेने महिनाभर भरली आहे, साहेब! दोन खुर्च्या काढून देतो. भाव आता दुप्पट. भरतीच्या वेळी तिप्पट."

"मग ओहोटीच्या वेळचं..." कमीकर म्हणतात तोवर बायकोने फोन ओढून घेतला. "भरतीचंच द्या!"

शनिवारी बायकोने तिप्पट पैसे मोजले आणि दोघं पाण्यात बसली. रांगेच्या टोकाला मास्तरीणबाई होत्या, नव्या कात्रीसह. समोर गिऱ्हाइकांची ही रांग आणि शेजारी पाटी, 'विजारी आखूड करून मिळतील'. आज कमीकर चांगली लांब विजार घालून आले होते. त्यांनी पाय पुढे केला आणि भाव विचारला. बाईंनी सांगितला. चांगलाच होता! कमीकरांनी सवयीने तोंड उघडलं.

कात्रीचं टोक त्यांच्या गुडघ्यापाशी येऊन थांबलं होतं.

"काही म्हणालात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"छे छे! दोन्ही पायांचे घ्या," कमीकर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समोरच्याने सांगितलेला भाव निमूटपणे मोजला.