तलम वस्त्र आणि तान्हूबाईंचा हात, यांची हकीकत

श्रीधन्वंतरी साह्य असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी राज्यात जे वर्तले ते पाहिले तैसे लिहितो, पदरचे तिखटमीठ थोडकेच. मुदपाकखान्याच्या आचारीण तान्हूबाई यांचे उजवे हातावर उकळते तेल पडोन मनगटापासोन कोपरापर्यंत कातडी गेली, आणि जखम भरेना, आणि मांड्याची तलम पोळी उघड्या हातावरच पसरोन वाढवावी लागते, सबब मांडे बंद जाहले, आणि महाराज रुसोन बसले. मग त्यांनी हैबतराव तंतुकार यांसी पाचारिले. हे विजेच्या ओढीने सुईच्या अग्रातून केसाच्या सहस्रांश जाडीचा तंतू काढीत आणि त्याचे जाळीदार वस्त्र करीत. त्यावर कातडीच्या पेशींनी वस्ती करावी आणि जखम भरावी, ऐसा मनसुबा. महाराज बोलिले, "उद्याच चढवा." तों परीक्षक वेणूताई आडव्या उभ्या राहिल्या, "आधी काचेच्या ताटलीत. बाईंच्याच पेशी वस्त्रावर ठेवू. जगल्या तर हातावर, मेल्या तर नाही." महाराज रागे भरले, परंतु रीत ती रीत.

तिसरे दिवशी पाहतात तों वस्त्रावरील यच्चयावत पेशी गारद! हैबतराव तापले, "पेशीच नाजूक!" मग वेणूताईंनी दुसरी ताटली पुढे केली, तीत वस्त्र नव्हते, आणि तेथे त्याच पेशी सुखे नांदत होत्या. तान्हूबाई डोळ्यांत पाणी आणोन म्हणाल्या, "म्हंजे माझा हात असाच ऱ्हायचा व्हय?" आणि ते वस्त्र उचलोन पाहू गेल्या, तों तोंड फिरविले. "अवो रावसाहेब, ह्याला वास मारतोय की! रंगाच्या डब्यावानी!" ज्या उग्र द्रावणातून तंतू काढिला ते वस्त्रात मुरोन राहिले होते, तेणेच पेशी मारिल्या, आणि बारा वर्षे त्याच वासात काढिलेल्या हैबतरावांचे नाकास ते कळेना! आम्हांस बहुत हसू आले, हैबतरावांस आले नाही.

मग वस्त्र धुतले आणि चौदा दिवस निर्वात पेटीत वाळविले. तान्हूबाईंनी हुंगोन "आता बरंय" म्हटले. वेणूताई म्हणाल्या, "बाई, तुमचे नाक खरे, पण निवाडा पेशींचा." पुन्हा ताटली मांडिली, आणि सातवे दिवशी पेशींनी पाय रोवोन अवघे वस्त्र व्यापिले, आणि मगच ते हातावर चढले. फाल्गुनात जखम भरोन आली, आणि पहिला मांडा तान्हूबाईंनी महाराजांस सोडोन वेणूताईंच्या पानात वाढिला.

तात्पर्य, वस्त्र तलम किती हे विणणाराने खुशाल सांगावे. त्यावर नांदवेल की नाही, हे नांदणारासच पुसावे.