दानियलकाकांचं नाक

"हा कर. असा नही, मोठा हा!"

देवळाच्या पायरीवरच्या बाईनं तोंड उघडलं आणि दानियलकाकांनी नाक पुढे नेलं. ख्रिस्ती माणसानं दारू सोडायची, हा आमच्या मंडळीचा नियम. ती सोडली की नाही, हे दर रविवारी काकांचं नाक ठरवी. काका मूळचे नंदुरबारकडचे. नवापूरच्या आमच्या डोंगरात येऊन केस पिकले, तरी अहिराणी सुटली नव्हती.

एकदा पाळकांनाच त्यांनी अडवलं. पाळक म्हणाले, "खोकल्याचं औषध घेतलंय."

"औषध बाटलीम्हा ऱ्हास, दारू बी बाटलीम्हाच ऱ्हास."

त्या रविवारी प्रवचन पायरीवरून झालं.

मी सुरतेच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच परतले होते. चारचौघांत माझा आवाज फुटत नसे, म्हणून मला बाजाची पेटी दिली होती. पेटीमागच्या माणसाला कुणी बोलायला लावत नाही, आणि तिथून दार छान दिसतं.

घोळ व्हायचा ईस्टरला. तो नेमका मोहाच्या दिवसांत येतो. गाव पहाटेपासून फुलं वेचतं, आणि केसांना, लुगड्यांना तोच गोड, उग्र वास बसतो. बायका ती फुलं उकडून पोरांना खाऊ घालतात. पण त्याच फुलांची दारू होते, एवढंच काका जाणत. आज फूल, उद्या बाटली! सणाच्या दिवशी निम्मं देऊळ पायरीवरूनच घरी जाई.

"आमच्या कष्टाचा वास तुमच्या देवाला चालत नसेल, तर राहू दे," असं एकीनं ऐकवलं आणि ती पुन्हा कधी आली नाही.

काकांनी पायरीवरून पहिली परत पाठवली होती ती त्यांचीच लेक, मार्था. याच फुलांपायी. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांसमोर कुणी नाव काढत नसे.

यंदाच्या ईस्टरला घंटा झाली, तरी काका दारातून हलेनात. मी पाहायला बाहेर गेले. कुंपणापलीकडच्या मोहाखाली मार्था फुलं वेचत होती. सोबत तिची छोटी पोर. आत पेटीविनाच गाणं सुरू झालं की मार्थाचा हात थांबे. पायरीखाली दोघी-तिघी टोपल्या घेऊन ताटकळत होत्या.

काकांनी उपरण्याचं टोक नाकावर धरलं.

"पोरी, माले सर्दी व्हई गई. काहीच वास येत नही."

आत्ताच तर त्यांनी एकीची तंबाखू हुंगून काढली होती.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय... कोनीतरी तिले सांगाले पाहिजे."

त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. माझा येत नाही, तसाच.

पाळक आतून पेटीसाठी खुणावत होते. मी कुंपणापर्यंत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले:

"मार्थाताई, आत या! सगळ्याच या! आज काकांना सर्दी झालीय!"